कपारीतलं मादी फूल

दियेपला त्या गावात येऊन आता इतके दिवस झाले होते की कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकेनाशी झाली होती, आणि तरी ते मेलं फूल उमलायचं नाव घेत नव्हतं.

उजाडलं की चुनखडीचा डोंगर. वर जायचं, कपारीत डोकं घालायचं, कळ्या बघायच्या आणि हात हलवत खाली यायचं. बेगोनियाच तो, पण कुंडीत दिसतो तसला नव्हे. तळव्याएवढी पानं, वर पांढुरके ठिपके, आणि अख्ख्या डोंगरात त्या एकाच ओल्या कपारीत मूठभर झाडं. आधी नर फुलं येतात. ती मागच्या खेपेला कागदात दाबून, वाळवून तिने हनोईला नेलीही होती. घोडं अडलं होतं ते मादी फुलापाशी. सीमेपलीकडे अशाच पानांची भावंडं आहेत, मग तुमची जात नवी कशावरून, असं विचारत छापणाऱ्यांकडून तिचा शोधनिबंध परत आला होता. मादी फुलाचं पोट कापून आत कप्पे किती ते दाखवा, म्हणे. भावंडांना तीन असतात.

दुपारी शेजारच्या डोंगरावर सुरुंग उडायचे आणि जेवताना वाटीतलं पाणी थरथरायचं. सिमेंटवाले पुढचा कुठला डोंगर फोडणार, ते महिनाअखेरीला ठरायचं होतं. जगात दुसरीकडे नसलेली जात ज्या डोंगरावर सापडेल तो सोडायचा, एवढं जिल्ह्याच्या कचेरीने कबूल केलं होतं. पण जात सापडली म्हणायला ती आधी छापून यायला हवी. दियेपचा जीव त्या कळ्यांत अडकला होता तो यासाठी.

आणि हे कुणापाशी बोलायची सोय नाही. "अवाक्षर काढू नकोस," तिच्या वनस्पती-संस्थेतल्या थान सरांनी निघताना बजावलं होतं. "शोभेची झाडं विकणाऱ्यांना वास लागला, तर रात्रीतून कपार साफ करतील." संस्थेत सगळ्यांनाच ही सवय. म्हणून पेन मावशीला तिने सांगितलं होतं, दगड बघायला आलेय.

पेन मावशीच्या खांबांवरच्या घरात ती उतरली होती. मावशी एकटीच राहायची, आणि तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"रोज तोच दगड बघतेस, तो काय अंडी घालणार आहे का?"

"बघावं लागतं हो मावशी."

"आणि पान चावताना बघितलं मी तुला, ते? आंबट लागलं ना?"

"लागलं," म्हणत दियेपने घाईघाईने माशांच्या डबक्याचा विषय काढला. चव घेऊन बघणं हा कामाचाच भाग, पण ते हिला सांगायचं कसं?

इथेच चुकलं. या डोंगरांतल्या ताय लोकांच्या घरात पाहुणा तोंडाने मागत नाही. त्याला काय हवंय ते यजमानाने ओळखायचं. दियेप स्वतः ताय. तिला हे कळायला हवं होतं. पण कळ्यांपुढे तिला दुसरं काही दिसत असेल तर शपथ!

त्या दिवशी फोनसाठी तिला बाजारात जावं लागलं. गावात फोन लागायचाच नाही.

"उमललं का?" सरांनी विचारलं.

"उद्या-परवा, सर."

"उद्या-परवा करता करता महिना संपेल, बाई!"

ती तडक डोंगरावर गेली. कपार रिकामी होती. पान नाही, देठ नाही, खडकाच्या भेगेतली मुळंसुद्धा कुणीतरी सुरीने उकरून नेली होती. झाडं विकणाऱ्यांना तोंडाला येईल त्या शिव्या देत, घसरत, खरचटत ती खाली आली.

"ये, ये, वेळेवर आलीस!" मावशी चुलीपाशी खुशीत होती. "हात धू आधी."

वाटीत माशाचा आंबट रस्सा होता, आणि त्यात ठिपक्यांची पानं, चिरलेली मुळंसुद्धा.

दियेपने वाटी जवळ ओढली. मग तिला रश्श्यात एक फूल तरंगताना दिसलं. पाकळ्या विरघळल्या होत्या, पण खालचं तीन पंखांचं पोट शाबूत होतं. मादी फूल! संस्थेत वाळलेली फुलं कापण्याआधी उकळूनच मऊ करतात. तिने जेवायच्या काड्यांनी ते उचललं, खिशातून पातं काढलं आणि आडवं कापलं. आत पडदा नव्हता. एकच कप्पा, कडेने बारीक बिया.

जात नवी होती.

"अळी निघाली की काय?" मावशीने वाकून बघितलं.

"नाही." दियेपने ते फूल आणि अजून सापडलं ते एक, नमुन्यांसाठी आणलेल्या मद्यार्काच्या बाटलीत टाकलं. "मावशी, ही भाजी आणखी कुठे आहे का?"

"कुठली आलीय! सासूबाईंच्या वेळी सगळ्या डोंगरांवर होती. आता तेवढीच उरलेली. कुणाला हात लावू दिला नव्हता मी. लेक बाळंतपणाला आली, तिने मागितली, तरी नाही दिली." मावशीने पळीभर रस्सा आणखी वाढला. "पण तू रोज जाऊन आशेने बघायचीस आणि भिडेपोटी तशीच परत यायचीस. मला नाही बघवलं. आणि डोंगर फोडणारच आहेत म्हणे. मग राखायचं कुणासाठी? खा, गार होतंय."

दियेपने एक घास घेतला.

"मावशी, डोंगर नाही फोडणार बहुतेक."

मावशीची पळी थांबली. "कोण म्हणतं?"

"ही भाजी जगात दुसरीकडे नाही, म्हणून. मी त्याच्यासाठीच आले होते."

मावशीने पातेल्याच्या तळाशी पळी घालून बघितलं.

"मग आधी का नाही गं सांगितलंस, पोरी?"