सव्वीस कार्डांची साक्ष

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात दुसरीचा संसार मोडणाऱ्या बाईला कोर्टात खेचता येतं. ओपल ट्रॉटरने मॅक्सीनला खेचलं, तेही अख्ख्या चर्चच्या नाकावर टिच्चून. मॅक्सीन चर्चमध्ये पियानो वाजवायची आणि ओपलचा नवरा गारलंड शेजारी उभा राहून स्तोत्रांची पानं उलटायचा. दोन वर्षं पानं उलटली आणि एके दिवशी बॅग भरून तिच्याच घरी राहायला गेला, मेला!

पण कायद्याची एक अट होती. घरात आधी प्रेम होतं हे सिद्ध करायचं. नसलेली वस्तू पळवली कशी म्हणणार? म्हणून ओपलने बुटांच्या खोक्यात भरून लग्नाच्या वाढदिवसाची सव्वीस कार्डं आणली होती. प्रत्येकावर गारलंडची सही. भरपाईचं तिला काही पडलं नव्हतं. नवऱ्याचं हिच्यावर प्रेम होतं, एवढं ज्युरीतल्या बारा पंचांनी भर कोर्टात म्हणावं, म्हणजे चर्चमध्ये तिला मान वर करून बसता आलं असतं.

दारातच मॅक्सीन आडवी आली. "काय गं, खोकं घेऊन आलीस? उघडून तरी बघितलंस का, आत काही आहे का ते?"

"तू बोलूच नकोस. त्याच बोटांनी देवाची गाणी वाजवतेस, लाज कशी वाटत नाही?"

आत उलटतपासणीत मॅक्सीनचा वकील बर्वेल मात्र साखरेसारखा गोड बोलत होता. "सुंदर कार्डं आहेत, मिसेस ट्रॉटर. विकत कोणी आणली?"

ओपलने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती, आणि दर रविवारी चर्चमधल्या पोरांना खोटं बोलू नका म्हणून तीच सांगायची.

"मी."

"म्हणजे कसं?"

"दरवर्षी दोन आणायचे. एक त्याला द्यायला, एक मला. माझं त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवायचे, पेनासकट. तो सही करायचा."

"सव्वीसच्या सव्वीस?"

"हो."

"स्वतःहून आणलेलं एकही नाही?"

"नाही."

मॅक्सीन फिस्सकन हसली. ओपलची कानशिलं तापली. उठून तिच्या झिंज्या उपटाव्यात असं तिला वाटलं. कार्डावरच्या ओळी दुकानात उभं राहून तिने स्वतःच निवडल्या होत्या, आणि घरी त्याच वाचून दरवर्षी डोळे पुसले होते.

पंचांमध्ये सात बायका होत्या. जेवून आत गेले ते अर्ध्या तासात बाहेर आले. प्रेम होतं का? होतं. मॅक्सीनने घालवलं का? हो, तिनेच. मॅक्सीनचं तोंड पाहण्यासारखं झालं.

बाहेर पडताना पंचांतल्या एका जाडजूड बाईने ओपलचा हात दाबला. "अगं, आमच्याकडेही तेच. मला तर पेनाचं टोपणसुद्धा काढून द्यावं लागतं!"

पायऱ्यांवर गारलंड उभा होता. मॅक्सीन पाय आपटत केव्हाच गाडीत जाऊन बसली होती.

"बारा जणांना पटवलंस, ओपल," तो म्हणाला. "तुला पटलं का?"

वर्षभर साठवलेल्या सगळ्या शिव्या ओपलने त्याला तिथेच घातल्या. पण तिला हो म्हणता आलं नाही.