पाच जणींची बोटं

सरकारी दवाखान्यात नंबर लावायच्या अ‍ॅपचा नमुना तयार झाला होता. झ्रेन्यानिन शहरातल्या वयस्क मंडळींनी तो घरी वापरून बघायचा आणि कुणाचं बोट कुठे पडतं ते प्रोग्रामर स्लावित्साच्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, सर्व्हरवर निमूटपणे टिपून ठेवायचं, असं ठरलेलं. ही स्क्रिप्ट तिने चाळिशीनंतर पडत-झडत शिकून लिहिली होती. माणसं तोंडावर ‘छान आहे हो’ म्हणतात, बोटांना मात्र भीड नसते, असा तिचा विश्वास.

पण त्या मंडळींतल्या रादोयकामावशींची नोंद बघून तिचा साहेब, गोरान, पोट धरून हसला.

"ताई, ही एक बाई आहे की जत्रा? अक्षरं मोठी केली, लगेच बारीक केली. आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग बाळंतपणाचा! या वयात?"

"विचारून येते."

"विचारायचं काय? तुमची स्क्रिप्ट बिघडलीय. टाकून द्या ती नोंद. संध्याकाळी अ‍ॅपचा आराखडा मंजूर करतोय."

स्लावित्साने नोंद पुन्हा उघडून पाहिली. तिच्यात शेवटच्या ‘पक्कं करा’ बटणाला एकदाही बोट लागलेलं नव्हतं. आराखडा असाच गेला, तर म्हातारी माणसं नंबर लागला समजून दवाखान्यात जातील आणि दारातून परत येतील.

मावशींच्या अंगणात अक्रोडाखाली कॉफी उकळत होती, भोवती शेजारणी.

"आधी चमचाभर मुरांबा खा, पाणी पी, मग बोल," मावशी म्हणाल्या.

"मावशी, फोन तुम्ही एकटीनेच वापरलात ना?"

"एकटीने? अगं, चार जणी कॉफीला आलेल्या आणि मी फोनात तोंड खुपसून बसू? लाज आहे हो मला!"

फोन बिस्किटांच्या ताटलीसारखा फिरला होता. बाळंतपणाचा डॉक्टर शेजारणीच्या गरोदर सुनेने निवडलेला.

"आणि अक्षरं बारीक केली ती या देसांकाने. चष्मा लागत नाही म्हणून मिरवायचं असतं तिला!"

"लागत नाही तर नाही! तुझं का पोट दुखतं?" देसांका फणकारली.

"नंबर लागले का पण?"

"सगळ्यांचे लागले की! मी मंगळवारी डोळे दाखवायला जाणार."

स्लावित्साला ठसका लागला. हा नुसता नमुना आहे, हे ती बजावून गेली होती. पण नमुन्यातसुद्धा एकीचाही नंबर लागला नव्हता. तिने तिथूनच गोरानला फोन लावला.

"बिघाड नाही रे. एक वेडी बाई नव्हती, पाच शहाण्या बायका होत्या. आणि पाचही जणी एकाच जागी थांबल्या. खाली आणखी बटण आहे, हे कुणाला दिसलंच नाही."

"पण एका फोनवर एकीनेच—"

कान लावून बसलेल्या मावशींनी फोन हिसकावला. "साहेब, तुमच्या आईचा नंबर कोण लावून देतं?"



"मीच, माझ्या फोनवरून," गोरान म्हणाला. मग हळूच, "ताईंना सांगा, बटण वर घ्या म्हणावं. मंजुरी थांबवतो."

स्लावित्साने मांडीवर लॅपटॉप उघडून बटण वर घेतलं. अंगणात फोन पुन्हा फिरू लागला, आणि या खेपेला तो कुणाच्या हातात आहे तेही ती विचारून लिहीत होती. मधूनमधून मावशींच्या मंगळवारसाठी खऱ्या दवाखान्याला फोन लावत होती. तिथला फोन अजून व्यस्तच होता.