नेट नसलेलं घर

“नेट?” घरमालक अमृतरावांनी ओठांपर्यंत नेलेली बशी खाली आणली. “केवळाबाई, तुम्ही नेट मागून राहिल्या?”

“हाव. तार ओढायची परवानगी द्या. खर्च माझा.”

“अहो, पाटीवरचं ‘इंटरनेट नाही’ पोरीनं वाचून दाखवल्याबरोबर तुम्ही पिशवी खाली ठेवली होती. खोलीत पाणी येतं का, एवढंसुद्धा विचारलं नाही!”

हे खरं होतं. बाकी जगात घरमालक घरात काय काय आहे ते सांगतात. लातुरात क्लासेसच्या भागात काय काय नाही ते सांगतात. टीव्ही नाही, नेट नाही, गच्चीला कुलूप, संध्याकाळी सातला फाटकाला कुलूप. ‘नाही’ जितके जास्त, तितकी पोरं डॉक्टर होण्याची आशा जास्त, आणि भाडंही त्याच मापानं. अमृतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर पाणी अडवलं, आता नेट अडवत होते.

केवळाबाई नायगावकडच्या. पोरीला, ऋतुजाला, डॉक्टरकीच्या परीक्षेला बसवायचं म्हणून तिच्यासोबत भाकरी थापायला लातुरात येऊन राहिलेल्या. घर तळमजल्यावर, एका अरुंद बोळाच्या पार आतल्या टोकाला. दोन्हीकडं उंच इमारती. आत साधा फोन वाजायचा, पण चित्राचा फोन, म्हणजे व्हिडिओचा, म्हटला की पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं. तेव्हा केवळाबाईंना याचा अभिमान होता. समोरच्या खोलीत धम्मानंद नावाचा नोकरीवाला पोरगा घरातूनच कंपनीचं काम करायचा, त्यानं तार घेतली होती. पोरं तिथं घोटाळतात म्हणून सगळ्या आयांना गोळा करून त्याची तार काढायला लावली ती केवळाबाईंनीच. बिचारा महिनाभरात खोली सोडून गेला.

मग दिवाळीच्या आधी श्रीमंतचं ऑपरेशन झालं.

श्रीमंत म्हणजे केवळाबाईंचा नवरा. घरची वांगी, घरची मिरची घेऊन नायगावच्या बाजारात बसणारा माणूस. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला हाळी दिली की त्या टोकाचं गिऱ्हाईक वळायचं. सगळा आवाज तिथं खर्चून घरी आला की मुका. जेवायला वाढलं तर ‘हं’, मीठ कमी असेल तर ‘हं?’ एवढाच संसार. तंबाखूनं घसा धरला, नांदेडच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटी काढून टाकली आणि गळ्याला श्वासापुरतं भोक ठेवलं. केवळाबाई तिकडंच राहायला निघाल्या होत्या. त्यानं दोन्ही हात हलवून नको नको केलं, लातूरच्या दिशेला बोट दाखवलं. परीक्षा आधी. त्याची बहीण कोंडाबाई भावाचं बघायला येऊन राहिली.

त्याला बोलता येईना, केवळाबाईंना वाचता येईना. ऋतुजाच्या फोनवर लिहून पाठवायचा, पण पोरीच्या तोंडून बायकोला जाणारा निरोप तो. ‘तब्येत बरी, अभ्यास कर’ याच्या पुढं जायचा नाही. उरला चित्राचा फोन. त्यानं मिसकॉल द्यायचा, केवळाबाईंनी तो कापायचा, चपला घालायच्या, बोळाच्या तोंडाशी चंद्रप्पाच्या चहाच्या गाड्यापाशी जायचं आणि तिथून चित्राचा फोन लावायचा.

आणि गंमत अशी की श्रीमंत बोलायला लागला. ताट दाखवायचा. वांग्याला लागलेलं फूल दाखवायचा. म्हशीचं तोंड फोनला लावायचा. कोंडाबाईनं करपवलेली भाकरी तिच्या पाठीमागं उंच धरायचा. अख्ख्या संसारात बोलला नव्हता तेवढं त्या दोन महिन्यांत बोलला. चंद्रप्पा निलंग्याकडचा, जिभेला हाड नसलेला.

“काय मावशी, मालक काहीच बोलंनात. धाक लई दिसतोय तुमचा!”

“आधी बाजारात लई बोलले,” केवळाबाई पदर सावरत म्हणायच्या. “आता माझी पाळी हाय.”

पण बोळाला वेळेचं बंधन. सातनंतर फाटक बंद, आणि श्रीमंतला एकटं वाटायचं ते दिवे लागले की. म्हणून नेट मागायची वेळ आली.

“फोनवर बोला की साधं,” अमृतराव म्हणाले.

“बोलायला गळा न्हाई ठेवला त्यांचा डॉक्टरांनी.”

अमृतरावांनी बशीतला चहा तसाच कपात ओतला. “माझं काही नाही हो. पण बाकीच्यांना विचारावं लागंल.”

बाकीच्या म्हणजे वरच्या मजल्यावरची दीपमाला, उदगीरची. तिचं पोरगं दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेलं. ती जिन्यातूनच बोलली.

“केवळाताई, वाईट वाटतंय मला. खरंच वाटतंय. पण आमी बी हितं नेट न्हाई म्हणूनच आलाव. त्या नोकरीवाल्या पोराची तार काढताना तुमी काय म्हनला होता? ‘एकाला दिली की सगळ्यांना फुटली.’ म्हनला होता का न्हाई?”

“म्हनले होते.”

“मग?”

केवळाबाई भाकरीला बसल्या. स्वतःच बांधलेला बांध स्वतःच्याच वावरात पाणी येऊ देईना, तर भांडायचं कुणाशी?

वेळ अमावस्येला लातूर रिकामं होतं. जो तो डबे घेऊन शेतात, पिकाची पूजा करून तिथंच जेवायला. चंद्रप्पा गावी गेला, अमृतरावही बायकोला घेऊन शेतावर गेले. जाताना म्हणाले, “यायला उशीर झाला तर पोरं बाहेर भटकतील, कुलूप आताच लावतो.” ऋतुजा आत फिजिक्सची गणितं सोडवत होती. दिवे लागले आणि मिसकॉल आला.

केवळाबाईंनी कापला, सवयीनं चपला घातल्या, आणि फाटकाशी येऊन थांबल्या. अमृतरावांना फोन लावला. शेतात रेंज नसावी. पुन्हा मिसकॉल आला. त्यांनी गजांतून हात बाहेर काढून फोन जमेल तेवढा लांब धरला. चाक फिरत राहिलं. दीपमाला जिन्यात येऊन उभी राहिली. तिनंही अमृतरावांना लावून बघितला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा केवळाबाईंनी कापला नाही. उचलला.

पलीकडं नुसता श्वास. भोकातून येणारा, शिट्टीसारखा.

“अवो, ऐका,” त्या म्हणाल्या, “फाटक बंद हाय. मला काय बी दिसून न्हाई राहिलं. सकाळी बघते. जेवलात का? सणाची भज्जी केली असंल कोंडाबाईनं, मीठ कमी असंल बघा.” श्वास जरा जोरात झाला. हसला असावा. “ऋतुजा लई अभ्यास करून राहिली. हितं आज सगळं सामसूम हाय. तुमचं म्हसरू आज शेतात नेलं का?” त्या बोलत राहिल्या. वांग्याचं विचारलं, छपराच्या पत्र्याचं विचारलं, विचारायचं संपलं तेव्हा तेच पुन्हा विचारलं. शेवटी त्यांचं बोलणं सरलं, मग पलीकडून फोन ठेवला गेला.

सकाळी फाटक उघडायच्या आधी कोंडाबाईचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाली.

सगळं आटोपल्यावर, सोयरे पांगल्यावर, दोघी नणंद-भावजया गावच्या घरी ओसरीवर टेकल्या. तेव्हा केवळाबाईंनी विचारलं.

“वन्सं, त्या सांजंला तुमी होता का जवळ?”

“होते की. मी म्हनले, दादा, वहिनीला दिसून न्हाई राहिलं, ठेव आता. तर ऐकंना. फोन असा तोंडापुढं धरला आन् दुसऱ्या हातानं दाखवतच बसला. तुमचा आवाज थांबस्तोवर.”

“काय दाखवत व्हते? हातात काय व्हतं?”

“काय बी नव्हतं वहिनी. नुसता हात.”

केवळाबाईंनी आपला हात तिच्यापुढं धरला. आधी उताणा केला, मग पालथा.

“असा, ये म्हणून? का असा, ऱ्हाऊ दे म्हणून?”

कोंडाबाई त्या हाताकडं बघत राहिली. “ध्यानात न्हाई, वहिनी,” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

केवळाबाईंनी हात पुन्हा उताणा केला.