माझी सगुणा आणि पडद्यावरची सगुणा

मित्रांनो, मी एक जुनं गोष्टीचं पुस्तक आहे. लाल कापडाची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. त्यातली आता चारच उरलीत. पुस्तकं शांत स्वभावाची असतात असं तुम्हाला वाटत असेल. बाकीची असतीलही! माझ्याइतकं जळकं पुस्तक मात्र अख्ख्या देवासात दुसरं नव्हतं.

माझा जन्म धारचा. तिथले मोरोपंत मास्तर पेन्शनीत निघाले आणि एका विलायती गोष्टीची मराठी गोष्ट करायला बसले. पाणचक्कीवाल्याची मुलगी आईची चिठ्ठी घेऊन, एका लंगड्या गाढवाच्या सोबतीनं, बर्फाचा डोंगर ओलांडून लढाईवर गेलेल्या बापाकडे जाते, अशी ती गोष्ट. मास्तरांनी मुलीचं नाव सगुणा ठेवलं, गाढवाचं ढवळ्या. पावाची भाकरी झाली, झग्याचं लुगडं झालं, डोंगराचा हिमालय झाला. गोष्ट मूळची कुठली, हे त्यांनी प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. पण प्रस्तावना वाचतं कोण? जो तो धरूनच चालला होता की सगुणा आपल्यातलीच कुणीतरी.

धारच्या शाळेत मी नऊ वर्षं हातोहाती फिरलो. मग अक्कांच्या ट्रंकेतून देवासला आलो. अक्का म्हणजे सुमंगलेची आत्या. आणि सुमंगला म्हणजे माझा जीव! तेरा वर्षांची, मुलींच्या शाळेत जाणारी, आवाज असा खणखणीत की दोन घरं पलीकडची मांजर उठून बसावी. रोज तिन्हीसांजेला ती मला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायची. ऐकायला अक्का आणि शेजारच्या भवानीबाई. भवानीबाईंचे यजमान सरकारी पागेत चाकरीला, त्यामुळे जनावरांतलं सगळं आपल्याला कळतं असं त्यांचं म्हणणं. ढवळ्या बर्फात अडकला की त्या डोळ्यांना पदर लावत आणि सगुणेवर ओरडत, "अगं, त्याच्या पायाला गरम तेल चोळ की, मेले!"

सुखात होतो मी.

मग एकोणीसशे बारा सालच्या हिवाळ्यात बायोस्कोपचा तंबू आला. आमच्या देवासात तेव्हा राज्यं दोन, मधे एक रस्ता. आमचं घर थोरल्या पातीत आणि तंबू लागला धाकट्या पातीत, म्हणजे रस्ता ओलांडला की झालं. तंबूवाल्यांनी जाहिरातीचे कागद वाटले. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, 'पनचक्कीवाले की बेटी और लँगड़ा गधा'. खाली चित्र: बर्फ, पायाला फडकं बांधलेलं गाढव, आणि पाठमोरी एक मुलगी, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी.

सुमंगला केवढ्यानं किंचाळली! "अक्का! आपली सगुणा! आता ती चालताना दिसणार!"

त्या संध्याकाळी मला कुणी उघडलं नाही. दुसऱ्याही नाही. कोनाड्यात पडल्या पडल्या मी एकच विचार करत होतो: हलतं चित्र एकदा पाहिल्यावर माझ्या काळ्या ओळींकडे परत कोण बघणार? ही धास्ती मला वाळवीसारखी पोखरत होती.

तंबूत पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट समजावून सांगत असे, कारण चित्रात आवाज नसे आणि मधली अक्षरं इंग्रजी. पण शुक्रवारचा खेळ खास बायकांचा होता. तिथं मोठमोठ्या घरच्या पडद्यातल्या बायका येणार, तेव्हा समोर पुरुष उभा राहून कसं चालणार? यंत्र फिरवणारा तेवढा मागे कनातीआड. मग गोष्ट सांगणार कोण? भवानीबाईंनी यजमानांकडून तंबूवाल्याला निरोप धाडला, "आमच्या शेजारच्या मुलीकडे या गोष्टीचं पुस्तक आहे आणि ती धाडधाड वाचते."

म्हणजे बघा, माझ्या सवतीच्या लग्नात मलाच वाजंत्री लावलं!

शुक्रवारी तंबू खच्चून भरला. शंभर तरी बायका, पुढे सुमंगलेच्या शाळेतल्या मुली. सुमंगला पडद्याच्या कडेला कंदील घेऊन उभी राहिली, मी तिच्या हातात. यंत्र खडखडू लागलं आणि पडद्यावर मुलगी आली. गुडघ्यापर्यंत झगा, मोकळे पिंगट केस!

"अगंबाई, ही सगुणा?"

"लुगडं कुठं गेलं हिचं?"

"केसांना तेल माहीत नाही वाटतं घरात!"

अक्का तर भलत्याच चिडल्या. "आईची चिठ्ठी घेऊन निघालीय आणि डोकं उघडं! आमची सगुणा अशी नव्हती हो."

मित्रांनो, मी आनंदानं असा फुगलो की माझी शिवण कुरकुरली. पण तेवढ्यात ढवळ्या आला. नुसता आला, उभा राहिला, आणि त्यानं दोन कान टवकारले. सगळा तंबू पुढे वाकला. मग भवानीबाईंचा आवाज, अगदी हळवा, "बघ गं कसे कान केले त्यानं! वाचताना हे कळलंच नव्हतं."

त्या कानांवर माझी चार पानं खर्ची पडली होती. चार!

चित्र भराभर पुढे चाललं आणि सुमंगला मागे राहू लागली. बायका ओरडल्या, "सुमे, ती पूल ओलांडून गेली, तू अजून चक्कीवरच दळतेयस!"

तिनं कनातीआडच्या यंत्रवाल्याला हाक मारली, "भिया, जरा थांबवा ना!"

आतून उत्तर आलं, "बाई, रुका तो पट्टी जल जाएगी!"

जळू दे ती चित्रांची पट्टी, मी मनात म्हटलं. सगळी जळू दे.

पडद्यावरच्या मुलीला गाठायला सुमंगलेनं घाईघाईनं पानं उलटली. पुढे वादळ होतं, ढवळ्या बर्फात बसतो ते पान, माझं सगळ्यात लाडकं. माझा दोरा तिथं आधीच सैल होता. मी ते पान धरून ठेवू शकलो असतो. मी सोडलं.

ते गिरक्या घेत अंधारात बायकांच्या पायाशी गेलं. सुमंगलेनं पाहिलं तर नव्वदनंतर थेट त्र्याण्णव. पडद्यावर ती पिंगट मुलगी गाढवाच्या गळ्यात हात टाकून काहीतरी बोलत होती. नुसते ओठ हलत होते.

"काय म्हणतेय गं ती? सांग ना!"

"अडली वाटतं!" शाळेतल्या मुलींतून खुदखुद ऐकू आली.

क्षणभर मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग तिची बोटं माझ्यात ते पान शोधू लागली. ज्या बोटांनी मला रोज मांडीवर घेतलं, तीच. मला स्वतःची किळस आली. पण सुटलेलं पान परत कसं बोलवू?

सुमंगलेनं मला मिटलं. कंदील खाली ठेवला. पडद्याकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ती म्हणतेय, ढवळ्या, मला रस्ता माहीत नाही. इतके दिवस मी तुला खोटंच सांगत होते. आता तू मला ने."

मित्रांनो, हे वाक्य माझ्यात नाही. मोरोपंत मास्तरांनी ते लिहिलेलंच नाही. पण गाढव उठलं, आणि शंभर बायका एकदम हुंदका देऊन हसल्या.

शेवटपर्यंत ती तशीच बोलत राहिली. मी तिच्या काखेत मिटलेलाच.

बाहेर पडताना ज्याच्या त्याच्या तोंडी मत होतं. कुणी म्हणे बर्फ कापसाचा होता, कुणी म्हणे सुंदर होता. भवानीबाई म्हणाल्या, "गाढव लबाड हो! आधी उजव्या पायानं लंगडत होतं, मग डाव्या. पण सुमी बोलली ते सगळं खरं." माझ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पान शोधलं, सापडलं नाही. तंबू उठून सोनकच्छला गेला.

संपलो, असं मी समजलो. तर दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दारात अकरा बायका! "सुमे, बाप भेटला तेव्हा काय बोलला गं? पडद्यावर नुसत्या मिशा हलवत होता." "आणि आईचं पुढे काय? ती तर दाखवलीच नाही!" सुमंगलेनं मला उघडलं. त्या हिवाळ्यात मी तीनदा पहिल्यापासून वाचला गेलो. हरवलेलं पान तिनं वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, स्वतःच्या वाक्यांसकट, आणि खळीनं माझ्यात चिकटवलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. गोष्टीचं चित्र निघालं तर खुशाल बघा. नावं ठेवा, रडा, हसा. पण घरी येऊन आम्हाला एकदा उघडा. चित्राला थांबता येत नाही, आम्हाला येतं. आमचा दोरा सैल झाला तर वेळेवर नवा घाला. थुंकी लावून पान उलटू नका.

आज मी ज्याच्या हाती पडतो, तो सगळ्यात आधी ते हातानं लिहिलेलं पानच वाचतो. छापलेली दोनशे पानं बाजूला बसून बघत राहतात. मला त्या पानाचा भयंकर हेवा वाटतो. माझी बाकीची पानं आता एकेक करून सुटू लागली आहेत. ते एक मात्र मी गच्च धरून बसलोय.