गुडघ्याच्या गाद्या

शेवंतानं शिवलेल्या गुडघ्याच्या गाद्या एकोणीस वर्षं विमानाच्या पोटात राबल्या, आणि वर खुर्चीत बसलेल्या एकाही शहाण्याला त्याचा पत्ता नव्हता. सामानाच्या कप्प्यात माणसाला उभं राहता येत नाही. रांगत एकेक बॅग लावावी लागते. तिचा नवरा कोंडू तेच करायचा. जुन्या गोधडीचे तुकडे, आत कापूस, मागे नाड्या. दर वर्षी नवी जोडी.

मग कंपनीनं नोटीस लावली: हे काम आता ठेकेदाराकडे. कंपनीला बॅगा चढायला हव्या होत्या, चढवणारा माणूस नको होता. बावीस दिवस झाले, कोंडू आणि त्याचे सोबती एअरपोर्टच्या गेटासमोर डांबरावर धरणं धरून बसले होते.

रविवारी दुपारी शेवंताच्या बहिणीचा मुलगा मिलिंद पेढे घेऊन आला. तो जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात हमाली करायचा; बायको धम्मदिना पोटुशी होती.

"जय भीम मावशी! तोंड गोड कर. एअरपोर्टला लागलो! उद्या नाक्यावर ठेकेदाराची जीप येनार, आमच्यातले सहा जन हाव. फोटोवालं कार्ड मिळनार, गळ्यात घालायचं. धम्मदिना म्हनते, बाळ झालं का पयला फोटो कार्ड घालून काढायचा." त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "काकाला शिवतेस तशा गाद्या मला पन शिव. घे माप."

शेवंताच्या हातात पेढा तसाच राहिला.

"काका कुठं बसलाय, ठावं हाय ना?"

"हाय की. पन जीपवाला म्हनला, ही नवी भरती. काकाच्या जागेचा काय संबंध न्हाय."

"मग काका गेटाभायेर, आन् त्याच्या कप्प्यात रांगनार कोन रं?"

शेवंता रागावली नाही. तिनं त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि गुडघ्याभोवती दोरा फिरवला. लहानपणी या गुडघ्याला तिनंच हळद लावली होती.

"गोदामात हमाल आजारी पडला तर त्याच्या पोती ओढायच्या आकड्याचं काय करता?"

"खिळ्यावर राहतो. तो येईस्तोवर कुनी हात लावत न्हाय."

"मुकादमानं सांगितलं तरी?"

"मुकादमाच्या बापानं सांगितलं तरी न्हाय!" मिलिंद तावात बोलला, आणि बोलून बसल्यावर त्याची मान खाली गेली. मग म्हणाला, "धम्मदिनाला कार्डाचं सांगून बसलोय गं."

शेवंता शिवत राहिली. दिवेलागणीला तिनं दोरा दातानं तोडला. "घे. जीपमधी बसायचं तर घालून बस. न्हायतर सकाळच्या ठान्याच्या एसटीनं मी जातेय काकाकडं. तुला काय मी बांधून ठेवनार न्हाय."

रात्रीच मिलिंदनं आकड्याची गोष्ट बाकीच्या पाचांना सांगितली होती. सकाळी जीप आली, हॉर्न वाजला. सहापैकी दोघं चढले. त्यांना शिव्या देऊ नका, त्यांच्याही घरी चूल आहे. द्यायच्याच तर जीप धाडणाऱ्याला द्या. मिलिंद मावशीमागं एसटीत चढला.

गेटावर कोंडूनं आधी मिलिंदच्या हातातल्या गाद्या पाहिल्या. त्या तो हजारात ओळखायचा. त्याचा चेहरा दगड झाला.

"तुमची जीप कवाच आत गेली," तो म्हणाला.

मिलिंद खाली बसला आणि कोंडूच्या सुजलेल्या गुडघ्यांना गाद्या बांधायला लागला. नाडीची गाठ बसेना.

"सैल होतायत," कोंडू म्हणाला.

"माझ्या मापाच्या हायत, काका."

कोंडूनं शेवंताकडं पाहिलं. ती पिशवीतून भाकऱ्या काढत होती, मान वर न करता.

मग त्यानं बुडाखालचा पुठ्ठा अर्धा मोकळा केला.

"मग तुझ्याच गुडघ्याला बांध," तो म्हणाला. "आन् सरक इकडं. दुपारी डांबर लई भाजतं."