कुरकुरत्या चाकाची ट्रॉली

मित्रांनो, मी एका भल्यामोठ्या कंपनीतली चहाची जुनी ट्रॉली आहे. हसू नका! इथे कितीतरी साहेब आले नि गेले, मी मात्र जागची हलले नाही. म्हणजे, दिवसभर हलतच असते म्हणा.

पत्रा ठोकून मला घडवलं, तेव्हापासून माझं पुढचं चाक कुरकुरायचं. मला ढकलणाऱ्या काकू म्हणायच्या, "कुरकुर बाई, तुझा हक्कच आहे तो." हिशेब विभागाबाहेर माझा आवाज आला की आत खुर्च्या सरकायच्या. "आली गं बाई एकदाची!" टायपिस्ट ताई ओरडायच्या. काय ती माझी ऐट!

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी भल्या मनाने माझ्या चाकात तेल घालून घेतलं आणि तिथेच घात झाला. मी आल्याचं कुणाला कळेचना. व्हरांड्यात हाका मारायला, दारं ठोठवायला सक्त मनाई, त्यामुळे काकू दाराशी ताटकळायच्या आणि चहा तसाच परत न्यायच्या. तो उरलेला चहा बघून साहेबांनी ठरवून टाकलं, की इथे कुणाला चहा नकोच आहे. हुकूमच निघाला, महिनाअखेरीला काकू घरी आणि मी भंगारात! काकूंच्या पगारावर तर त्यांचं अख्खं घर चालायचं. मला फार वाईट वाटलं हो.

शेवटच्या दिवशी काकूंनी मला कढत पाण्याने, साबण लावून खसखसून धुतलं. "जायचंच तर लख्ख होऊन जा," म्हणाल्या आणि डोळे पुसले. साबणाने चाकातलं तेलही धुऊन निघालं. शेवटचा चहा घेऊन व्हरांड्यात वळलो मात्र, आणि कुर्रर्र!

धडाधड दारं उघडली. "अहो काकू, होतात कुठे इतके दिवस?" हिशेबनीस धावत आले. "आम्हाला वाटलं, कंपनीने चहाच बंद केला!"

गलका ऐकून मॅनेजर बाहेर आले. "म्हणजे तुम्हाला चहा हवा होता?"

"हवा होता म्हणजे काय साहेब! जीव चाललाय चहावाचून!"

साहेब ओशाळले. एक कप उचलून म्हणाले, "काकू, उद्याही या. रोजच या." आनंदाने मी अशी थरथरले, की सगळे कप खणखणले!

मित्रांनो, जुन्या वस्तू धुवा, पुसा, जपा. पण त्यांची खोड मोडण्याआधी त्यांच्या माणसाला विचारा.

हल्ली मॅनेजरच सगळ्यांच्या आधी दाराशी येतात आणि मुद्दाम विचारतात, "काय काकू, घालू का तेल?"

"हात तर लावून बघा!" काकू म्हणतात आणि त्यांचा कप काठोकाठ भरतात.