आम्ही मालकिणीला कैद केलं तो रविवार

हल्ली आमच्या घरात कोणाला एखादं वाक्य पूर्ण करायचं असेल, तर मी अंघोळीला जायची वाट पाहावी लागते. बाबा म्हणतात, "हिच्या तोंडाला कोणीतरी झाकण शोधा." आई म्हणते, "असू दे. दहा वर्षं आपण किल्ली शोधत होतो."

दोघांचंही खरं आहे. दहा वर्षांची होईपर्यंत मी घराबाहेर कोणाशी बोलतच नव्हते. शाळेत हजेरीला नुसता हात वर. पोरींनी माझं नाव 'म्यूट' ठेवलं होतं. ते मला आवडत नाही हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून तेच चिकटलं.

मग मावशी मला वीटभट्टीवर घेऊन गेली.

मावशी कपडे शिवते. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते. रविवारी ती सेनापती असते. हे मी नव्या माणसाला सांगितलं की तो आधी मावशीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि हळूच विषय बदलतो. तर नीट सांगते. गावाबाहेर एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. उंच चिमणी, विटा वाळवायच्या लांबलचक शेड, माती उकरून उकरून झालेलं तळं, आणि उरलेल्या जागेत झुडपंच झुडपं. दर रविवारी आम्ही वीस-पंचवीस जण तिथे जमतो आणि संध्याकाळपर्यंत दुसरेच कोणीतरी होतो. राजा, चोर, जादूगार, वनदेवता, दोन-तीन राक्षस. याला लाइव्ह रोलप्ले म्हणतात. आम्ही नुसतं 'खेळ' म्हणतो. बघायला कोणी नसतं आणि संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. तलवारी गादीच्या फोमच्या, वर मावशीने शिवलेल्या खोळी. कथा कशी पुढे जाणार ते सूत्रधारकाका ठरवतात (बाकीचा आठवडा ते झेरॉक्सचं दुकान चालवतात) आणि मग आम्ही सगळे मिळून त्यांच्या कथेचा पार चुथडा करतो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू कोण होणार?" मी जमिनीकडे बघत राहिले. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, बोल ना बाळ, लाजतेस काय. काका म्हणाले, "आमच्याकडे मुक्या जासुदाची जागा कधीची रिकामी आहे. निरोप पोचवायचे, पहारा करायचा. बोलायचं मात्र नाही हं, अजिबात." अशी काही जागा नव्हतीच, हे मला पुढे मावशीने सांगितलं. त्यांनी ती तिथल्या तिथे तयार केली होती, माझ्या मापाची.

तेव्हापासून सहा वर्षं मी मुकी. फाटकाच्या आत पाऊल पडलं की एक अक्षर नाही. आणि गंमत अशी की बाहेर मी बोलत नव्हते म्हणून कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, इथे बोलत नव्हते म्हणून अख्खं राज्य माझ्या हातांकडे बघत होतं. शत्रू किती, कुठून येतोय, पळायचं की लपायचं, सगळं माझ्या बोटांवर. मी एक मूठ वळली की बँकेत काम करणारे, ट्रक चालवणारे, नातवंडं असलेले लोक झुडपात लोळण घ्यायचे. ज्या मुलीने रविवारी सैन्य हलवलंय तिला सोमवारी वर्गात उभं राहून "सर, मला हे कळलं नाही" म्हणायला किती भीती वाटेल? पहिल्यांदा खूप वाटली. मग कमी. मग एक दिवस भूगोलाचे सर म्हणाले, "आता इतरांनाही थोडं विचारू दे."

हे भूगोलाचे सर म्हणजेच आमचे महाराज. शाळेत त्यांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. भट्टीवर डोक्यावर मुकुट चढला की चिमणीवरची कबुतरं उडतात. आम्ही दोघं शाळेत या विषयावर एक शब्द काढत नाही. तेवढी इभ्रत दोघांनाही आहे.

खेळाचे नियम थोडेच आहेत. डोक्यावर तळवा ठेवला की तो माणूस खेळाबाहेर, आता खरं बोलतोय. कैद्याला कधीच बांधायचं नाही. त्याच्या हाताभोवती दोरी नुसती गुंडाळायची आणि टोक त्याच्याच मुठीत द्यायचं. नको झालं की त्याने टोक सोडायचं, लगेच मोकळा. फोन फाटकाजवळच्या डब्यात. आणि पात्र घेताना जे पत्करलं ते मोडलं, तर ते पात्र संपलं. चोर प्रामाणिक झाला, संपला. मुकी बोलली, संपली.

भट्टी ज्यांची, त्या आजोबांनी आम्हाला इतकी वर्षं फुकट खेळू दिलं. "जागा रिकामी राहिली की रुसते," म्हणायचे. मागच्या महिन्यात त्यांचे गुडघे गेले आणि ते लेकीकडे राहायला गेले. निरोप आला: जागेचं आता लेक बघणार, एकाला तिथे गोदाम बांधायचंय, पुढच्या आठवड्यात ती येऊन काय ते ठरवेल. आम्ही दुसरीकडे शोधाशोध केली. बागेतल्या रखवालदाराने तलवारी बघून शिट्टी वाजवली. मावशीच्या गच्चीवर सहा माणसं आणि पाण्याची टाकी एवढंच मावतं. भट्टी गेली की खेळ गेला, हे सगळ्यांना कळत होतं. कोणी बोलत नव्हतं. मी तर नव्हतेच.

त्या रविवारी सूत्रधारकाका म्हणाले, "आज एक नवीन खेळाडू येतेय. दक्षिणेची राणी. ती म्हणेल, हे रान माझं आहे. जोरदार स्वागत करा. पकडा, खटला चालवा, मजा येऊ दे."

मी शेडच्या टोकाला पहाऱ्यावर होते. दुपार कलताना झुडपं हलली आणि एक बाई बाहेर आली. गुडघ्यापर्यंत गमबूट, घोट्याला लागणारा मेणकापडी अंगरखा, खांद्याला चामडी पिशवी, पिशवीत बाटल्या किणकिणतायत, आणि बाही कोपरापर्यंत रक्ताने माखलेली. मी मनात म्हटलं, वा. पहिल्याच दिवशी एवढी तयारी. मी हात वर केला: परकी, एकटी, दक्षिणेकडून.

मावशीने तिला शेडच्या दाराशी गाठलं. दोरी गुंडाळली, टोक मुठीत दिलं. बाईने दोरीकडे पाहिलं, मावशीच्या पत्र्याच्या चिलखताकडे पाहिलं, आणि टोक घट्ट धरून मुकाट्याने चालू लागली. वाटेत मावशीला राहवलं नाही. तिने डोक्यावर तळवा ठेवून हळूच विचारलं, "रक्त काय सुंदर जमलंय हो. बीट उकळून केलं का?"

"गाईचं आहे," बाई म्हणाली.

मावशीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. कसलेली दिसतेय, असा अर्थ.

दरबार भरला होता. महाराज विटांच्या सिंहासनावरून गरजले, "कोण तू? आणि आमच्या रानात कोणाच्या परवानगीने पाऊल टाकलंस?"

"तुमच्या रानात?" बाई म्हणाली. "ही जागा माझी आहे."

दरबारातून खुशीची एक लाट गेली. काय संवादफेक होती. थोडा वैताग, थोडा थकवा, आवाज न चढवता. आमच्यात अशी कोणी नव्हती.

"पुरावा?"

"घरी कागद आहेत."

"कागद," महाराज हसले. "ऐकलंत? या राज्यात कागद नाही, शब्द चालतो. घेऊन जा हिला भट्टीच्या पोटात. जासूद पहारा देईल."

सूत्रधारकाका कोपऱ्यात स्वतःच्याच मांडीवर हळूच थापा मारत होते, इतके खूश.

भट्टीच्या पोटात, म्हणजे जिथे पूर्वी विटा भाजायच्या त्या कमानीखाली, मी तिला घेऊन गेले. ती विटांच्या ढिगावर बसली, गमबूट लांब केले आणि स्वतःशीच म्हणाली, "बाबा म्हणाले होते, तिथे पोरं खेळतात. पोरं. तो मुकुटवाला तर माझ्यापेक्षा मोठा आहे."

बाबा. कागद. गाय. आजोबांची लेक जनावरांची डॉक्टर आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आपल्या नशिबाचा फैसला जिच्या हातात, तिच्याच हातात आम्ही दोरी दिली होती.

मी हातांनी सांगायला गेले. पण जी बाई आमच्यातली नाही तिला माझी बोटं काय कळणार? तिने प्रेमाने विचारलं, "भूक लागलीय का तुला?"

सहा वर्षांत त्या जागेत माझा आवाज उमटला नव्हता. तो आला तो गंजलेल्या बिजागरीसारखा.

"बाई, तुम्ही खेळात नाही आहात ना?"

"कसला खेळ?"

मग काय, पाट फुटला. खेळ, राणी, माणूस ओळखण्यात झालेली चूक, डोक्यावरचा तळवा, सगळं एका दमात. ती ऐकत राहिली.

"म्हणजे ही दोरी?"

"टोक सोडलं की मोकळ्या. कधीही."

"मला कोणी सांगितलं नाही."

"फाटकावर सांगतात. तुम्ही झुडपातून आलात."

"फाटकाला आतून कडी होती. माझ्याच फाटकाला." तिने टोक सोडलं आणि मनगट चोळलं. "पुढच्या आठवड्यात येणार होते, पण शेजारच्या वस्तीवर गाय अडली होती, तिचं बाळंतपण उरकलं. म्हटलं, आलोच आहोत तर जागा बघून घेऊ."

"मग तुम्ही ओरडला का नाहीत?"

"अनोळखी कळपात सापडलं की आधी शांत उभं राहायचं असतं. लाथ कोण मारणार ते बघायचं." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि तू? मुकी नाहीस तर."

"फक्त इथे होते. आता नाही. बोलले ना, म्हणजे ते पात्र संपलं."

"माझ्यामुळे?"

"तुम्हाला सांगायचं होतं म्हणून," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून म्हटलं, "मी बाहेर सांगून येते."

मी धावत दरबारात शिरले आणि ओरडले, "महाराज, ती खरी मालकीण आहे."

घाईत डोक्यावर तळवा ठेवायला विसरले. मग अख्खा दरबार गुडघ्यांवर. महाराजांनी दोन्ही हात आकाशाकडे नेले. "मुकीला वाचा फुटली. वनदेवीचा कौल. ती खरी मालकीण."

"अहो सर," मी तळवा डोक्यावर दाणकन आपटला, "आजोबांची लेक. गाईची डॉक्टर. रक्त गाईचंच आहे."

सरांचा मुकुट आपोआप कानापर्यंत घसरला. मावशी पुटपुटली, "आणि मी बीट म्हणाले तिला." सूत्रधारकाका भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. त्यांनी फोनच्या डब्याकडे कोणालातरी पिटाळलं. खऱ्या राणीचा सकाळीच निरोप येऊन पडला होता, अंगात ताप आहे, येत नाही.

तेवढ्यात बाई आत आल्या. काका उठून म्हणाले, "बाई, आमची फार मोठी चूक झाली. तुम्ही बाहेर खुर्चीवर बसा, आपण नीट बोलू."

"बाहेर कशाला? खटला अर्धाच झालाय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं जागा माझी, तुम्ही हसलात. पुढचं इथेच होऊ दे. जागा माझी आहे. कोणाचा आक्षेप?"

महाराजांनी मुकुट काखेत घेतला. आवाज शाळेतला झाला. "नाही, बाई."

"मग मला सांगा, मी गोदामवाल्याला 'नाही' का म्हणावं? कोण सांगणार?"

सगळ्यांनी सवयीने माझ्या हातांकडे पाहिलं. मग चूक कळून तोंडाकडे.

मी काही भाषण तयार केलं नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या बाबांनी ही जागा दिली नसती, तर मी अजून हजेरीला नुसता हात वर करत असते. मी म्हटलं, इथे मला कोणी सहा वर्षांत 'बोल' म्हणालं नाही, आणि म्हणूनच मला बोलता येतं. मी काकांचं ते मापाचं पात्र सांगितलं. मावशीने माझ्या पहिल्या अंगरख्याला आतून खिसा शिवला होता, घाबरले की हात लपवायला, ते सांगितलं. ट्रक चालवणारे आमचे राक्षस भांडून घर सोडलेल्या भावाशी इथेच, शत्रू होऊन, पुन्हा बोलायला लागले, तेही सांगून टाकलं. ते खाली बघायला लागले. सर इथे गरजतात, तेही सांगणार होते, पण सरांनी घसा खाकरला.

बाईंनी हाताने रस्त्याची बाजू दाखवली.

"रस्त्याकडची सपाट जागा गोदामाला जाईल," त्या म्हणाल्या. "बाबांची औषधं आहेत, मला तेवढं करायलाच हवं. ट्रकलाही तीच बरी. भट्टी, शेड आणि मागचं रान त्याच्या कामाचं नाही. ते तुम्ही वापरा. तळ्याला कुंपण घाला. कोणी बुडालं तर मला फक्त म्हशी बाहेर काढता येतात. आणि फाटकाची कडी बाहेरूनही उघडेल अशी करा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशीने चिलखताच्या बाहीने डोळे पुसले आणि पत्रा नाकाला लागला म्हणून शिवी हासडली. मी मात्र सुरू झाले: थँक यू बाई, तुम्हाला कल्पना नाही, मी तर धरूनच चालले होते की, आणि कुंपणाचं आम्ही पुढच्याच रविवारी, आणि आजोबांना सांगा की...

"ही खरंच मुकी होती?" बाईंनी सरांना विचारलं.

"फक्त रविवारी," सर म्हणाले. "बाकीचे दिवस वर्ग भोगतो."

मला राग आला नाही. अजून मावशीचे, काकांचे आणि आजोबांचे आभार मानायचे राहिले होते, आणि बाईंना गाईकडे परत जायची घाई होती, म्हणून मी त्यांची पिशवी उचलली आणि फाटकापर्यंत बोलत बोलत त्यांच्याबरोबर गेले.